भात सोडल्याने मेलेला माणूस

मार्चमधल्या एका बुधवारी सकाळी आमचे घरमालक कुडव्याहून सायकलनं नागऱ्याकडे निघाले. रस्त्यात रेतीच्या टिप्परनं त्यांना मागून धडक दिली. टिप्पर थांबला नाही. आदल्या रात्री ते भात जेवले होते.

शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं आहे. कारण तेरवी येईपर्यंत आमच्या गल्लीनं, त्यांच्या नातेवाइकांनी आणि भाजीबाजारातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या मरणाचं कारण ठरवून टाकलं होतं. भात सोडला म्हणून गेले. अंगात जीव उरला नव्हता, सायकल सावरता आली नाही. "भात सोडून कोनी जगते काय?" असं एक गृहस्थ तेरवीच्या मांडवात, पत्रावळीवरचा भात कालवता कालवता म्हणाले, आणि आजूबाजूच्या पंगतीनं माना हलवल्या. टिप्परबद्दल कोणी बोललं नाही. टिप्पर रोजच जातात.

ते गेले तेव्हा त्यांनी भात पुन्हा सुरू केल्याला वर्ष उलटून गेलं होतं. हे गल्लीला माहीत होतं. त्यांच्या घरात भात शिजला की वास समोरच्या तीन घरांत जायचा. पण एकदा ठरलेलं कारण कोण बदलतो?

मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहते. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. त्यांना मी काका म्हणत असे आणि त्यांच्या विधवा धाकट्या बहिणीला आत्या. काकांनी लग्न केलं नव्हतं. वजनमापे तपासणारे निरीक्षक म्हणून त्यांनी नोकरी केली आणि पन्नाशी ओलांडल्याबरोबर, मुदतीच्या बऱ्याच आधी, ती सोडली. का सोडली विचारलं की म्हणत, "साहेब लोकायचाच काटा खराब होता." बाजार त्यांना धरमकाटा म्हणायचा. ट्रकचं वजन करायच्या मोठ्या काट्याला आमच्याकडे धरमकाटा म्हणतात. काका देहानंही त्या नावाला शोभतील असे होते.

नोकरी सुटली, पण तपासणी सुटली नाही. पँटच्या उजव्या खिशात अर्ध्या किलोचं पितळी वजन असायचं, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक पँटचा उजवा खिसा लोंबलेला. वांगी घेण्याआधी ते वजन काढून भाजीवालीच्या तराजूत ठेवत. ती कपाळाला हात लावायची. "आ गए धरमकाटा! साब, इतने साल से वही तराजू है, वही मैं हूँ."

"तू तं तेच आहे वो बाई. तराजू तेच आहे का ते पाहून राहिलो."

मी ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक त्यांना वाचायला दिलं, तर ते आधी तळहातावर झेलून पाहत. दोन दिवसांनी परत देताना निकाल सांगत. एक जाडजूड कादंबरी त्यांनी माझ्या टेबलावर जवळजवळ आपटली होती. "बाई, कागद लय आहे, माल कमी भरला." मी पुढे वर्षभर त्या कादंबरीकडे निर्मळ मनानं पाहू शकले नाही.

आणि भात. काका तीन वेळा भात जेवत. ताटात ढीग, ढिगात खळगा, खळग्यात माशाचा रस्सा. पोळीबद्दल त्यांचं मत असं होतं की पोळी म्हणजे भाताची वाट पाहत बसणं. हे सगळं सांगितल्याशिवाय त्यांनी काय सोडलं ते कळणार नाही.

आत्यांचं लिव्हर निकामी होत चाललं आहे असं नागपूरच्या दवाखान्यात सांगण्यात आलं. शरीरच आपल्या लिव्हरवर उलटतं असा तो आजार. दारूला त्यांनी कधी हात लावला नव्हता, पण तेही नातेवाइकांनी एकदा हळूच विचारून घेतलं. दुसऱ्या माणसाच्या लिव्हरचा तुकडा बसवणं हा एकच इलाज होता. रक्तगट काकांचा जुळला. इंग्रजी कागद वाचायला म्हणून मी सोबत गेले होते, त्यामुळे डॉक्टर जे म्हणाले ते मी ऐकलं. ते म्हणाले, "तुमच्या लिव्हरमध्ये चरबी साठली आहे. वजन उतरल्याशिवाय तुमचं घेता येणार नाही. आणि यांच्याकडे फार वेळ नाही."

"किती उतरवाचं ते सांगा," काका म्हणाले. "कसं होईल ते इचारू नका."

तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना कीटोच्या आहारावर ठेवलं. भात बंद, पोळी बंद, साखर, बटाटा, डाळ बंद. अंडी, मासे, कोंबडी, पनीर, पालेभाज्या, तूप. घरी येताना तिरोडा स्टेशन मागे पडलं तेव्हा काका गाडीच्या खिडकीबाहेरच्या शेतांच्या बांध्यांकडे पाहत म्हणाले, "पाहा, सारा धानच धान."

तिथून या भातखाऊ जिल्ह्यानं त्यांचा छळ सुरू केला. मी छळच म्हणेन. ज्याच्या घरी जावं तो ताट वाढून बसलेला. एक घास खाल्ल्यानं काय होते? देवाचा परसाद होय, त्याले काय मोजता? बिनभाताचं जेवण म्हणजे उपास, अन् उपास रोज करते काय कोनी? माणसाला साखरेचा आजार असला तर लोक बिचारा म्हणून गप्प बसतात. काकांना आजार नव्हता. बहीण जगावी म्हणून त्यांनी भात सोडला होता, आणि तेच कोणाला सहन होत नव्हतं. बोदलकशाजवळच्या गावी चुलतभावाकडे नवं खायला गेले होते. नव्या धानाचा पहिला भात सगळ्या कुळानं एकत्र बसून खायचा असतो. काकांनी ताटाला हात जोडले आणि नुसता मासा घेतला. वहिनी म्हणाल्या, "अन्नाचा अपमान करून राहिले भाऊजी. बहिणीले बरं कसं वाटन?"

काकांनी मासा खाली ठेवला. "वहिनी, जन्मभर कमी माल देनारे पकडले मी. आता सख्ख्या बहिणीले खराब माल देऊ काय?"

त्यावर पंगत हसली. ते विनोद करत नव्हते.

घरगुती काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "पायानं दाबलं का आकडा बदलते, तो काटा होय का खेळणं?" म्हणून दर रविवारी सकाळी ते एका राईस मिलमध्ये जाऊन धानाच्या पोत्यांच्या काट्यावर उभे राहत. तो काटा नोकरीत असताना त्यांनी स्वतः तपासलेला, आणि एकदा चुकीचा निघाला म्हणून मालकाला दंडही ठोकलेला. मालक दर रविवारी वचपा काढायचा. "साब, जिंदगीभर कम तोलने पे जुर्माना ठोका हमपे. अब खुद कम निकलो तो खुश!" हमाल पोती सोडून गोळा व्हायचे. पहिल्या महिन्यात काटा असा भराभर उतरला की हमालांनी टाळ्या वाजवल्या. काकांची पँट सैल झाली आणि पितळी वजनानं एका बाजूनं खाली ओढू लागली. त्यांनी पट्टा घेतला.

मग काटा थांबला. एक रविवार, दुसरा रविवार, तिसरा. "साहेब, कट्टा तेवढाच भरला," हमाल सांगायचा. आमच्याकडे पोत्याला कट्टा म्हणतात. पुढेपुढे त्यानं सांगणंही बंद केलं. इकडे आत्यांचे डोळे पिवळे होत चालले होते. पोटात पाणी भरायचं आणि ते काढायला नागपूरला न्यावं लागायचं.

काकांच्या एका भाच्यानं त्यांना फोनवरच्या कीटोवाल्यांच्या ग्रुपमध्ये घातलं होतं. त्या ग्रुपवर माझा अजून राग आहे. तिथे कोणालाच काही माहीत नव्हतं आणि सगळेच ठामपणे सांगत होते. एकानं लिहिलं, तूप वाढवा. दुसऱ्यानं लिहिलं, तूपच तुमचा शत्रू. तिसरा म्हणाला, नुसत्या पाण्यावर राहा, शरीराला धक्का द्या. कोणी कॉफीत लोणी घालायला सांगितलं. काकांनी ती केली, अंगणात उभं राहून प्यायले आणि म्हणाले, "हे विकनाऱ्याले मी नोकरीत असतो तं आत टाकलं असतं." पण दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. त्यांनी सगळं केलं. तूप वाढवलं, तूप सोडलं, पाण्यावर राहिले, नागऱ्याच्या देवळापर्यंत पायी जाऊन परत येऊ लागले. काटा हलला नाही. ग्रुपवरच्या एका शहाण्यानं लिहिलं, "सर, तुम्ही चोरून खात असाल. स्वतःशी प्रामाणिक राहा." ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची चोरी पकडली त्याला हे कोणीतरी, कुठेतरी लोळत, अंगठ्यानं लिहिलं. काकांनी ते मला दाखवलं.

शेवटी मी नागपूरच्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावून दिला. त्या शांतपणे म्हणाल्या, वजन कधी कधी असं थांबतं, शरीर सावरून घेतं, काही दिवसांनी पुन्हा उतरतं. पण त्याआधी स्वयंपाक एकदा नीट पाहा. कशात पीठ, साखर, दूधपावडर लपलेली नाही ना?

"लपलेलं? माह्या घरात?" काका फोनवरच तापले. पण फोन ठेवल्यावर स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "काटा बरोबर आहे अन् वजन चुकून राहिलं, म्हनजे हात कोनाचा तरी आहे."

नोकरीत दुकानांवर न सांगता जात, तसे ते दुसऱ्या दिवशी ऐन रांधायच्या वेळी स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरले. मी विरजण मागायला खाली आले होते म्हणून दारातच होते. गॅसवर माशाचा रस्सा होता. आत्या एका हातानं ढवळत होत्या आणि दुसऱ्या हातातल्या वाटीतलं पांढरं पाणी त्यात सोडत होत्या.

"हे काय होय?"

"आळण होय. दुसरं काय राहते रश्श्यात?"

"कायचं?"

"तांदळाचं."

"तांदूळ बंद आहे ना माह्यासाठी?"

"भात बंद आहे," आत्या म्हणाल्या. "आळणाले भात कोन म्हनते?"

हे खरं होतं. आमच्याकडे रस्सा असो की कढी, तांदळाच्या पिठाचं आळण लावल्याशिवाय ती चुलीवरून उतरत नाही. भात सोडलेल्या माणसाला विचारा, आळण सोडलं का? तो तुमच्याकडे पाहत राहील. काकाही आपण भाताच्या शितालाही शिवत नाही या समाधानात रोज दोन वेळा वाडगाभर दाट रस्सा आणि वाडगाभर कढी पीत होते. आळण नसतं तर चव बदलली असती आणि त्यांना कळलं असतं. ते होतं, म्हणून कळण्यासारखं काही नव्हतं.

काकांचा चेहरा सैल पडला. रागवावं असं काही नव्हतंच, साधी चूक होती. ते वळणार तेवढ्यात त्यांचं लक्ष वाटीकडे गेलं. वाटी मोठी होती. त्यांनी ती घेऊन तळहातावर झेलली, माझं पुस्तक झेलत तशी.

"एका रश्श्याले एवढं?"

आत्यांनी गॅस बंद केला. पदरानं हात पुसले.

"पयले मले माहीत नव्हतं गा भाऊ. मंग त्या नागपूरच्या बाईनं मागल्या खेपेले मले बाजूले घेऊन सांगतलं, पीठ बी चालत नाही म्हनून. मंग माहीत झालं. मंग मी वाढवलं."

बाहेर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. किक मारल्याचा आवाज येत राहिला.

"काऊन वो?" काकांनी विचारलं. मी त्यांचा तो आवाज आधी ऐकला नव्हता.

"तुह्या पोटाले सुरी लागू द्याची नाही मले. तुले काही झालं तं मी कोनाले तोंड दाखवू?"

"अन् तुले झालं तं मी कोनाच्या हातचं खाऊ?"

"भात तं खाशील. त्या दिवसापासून धड जेवला नाही तू."

"मी तुले इचारून देऊन राहिलो काय?" काका ओरडले. "मोठा कोन आहे या घरात?"

मग त्यांनी जे केलं ते फक्त तेच करू शकत होते. खोलीतून जुनी तार आणि शिशाची गोळी आणली, खोट्या तराजूला लावत तसं तांदळाच्या पिठाच्या डब्याला सील ठोकलं, आणि डबा कपाटावर ठेवून दिला. आत्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, रडत आणि हसतही. "घ्या. आता माह्यावर खटला भरा."

"भरीन. आधी बरी हो."

त्या दिवसापासून त्यांनी आत्यांच्या हातचं जेवण बंद केलं. अबोला धरला नाही, फक्त वेगळी कढई घेतली. त्यांना अंडं फोडता येत नव्हतं. कवच वेचत बसायचे. पहिला आठवडा अंगणभर करपल्याचा वास होता. रस्सा पाण्यासारखा व्हायचा आणि तो ते औषधासारखा डोळे मिटून प्यायचे. काटा पहिल्या रविवारी हलला नाही. दुसऱ्या रविवारी हलला. तिसऱ्या रविवारी हमालानं लांबूनच ओरडून सांगितलं आणि मिलच्या मालकानं, ज्याला त्यांनी कधी काळी दंड केला होता, चहा मागवला. बिनसाखरेचा.

फोनवरच्या ग्रुपनं विचारलं, काय केलंत? तूप वाढवलं? काकांनी मला उत्तर लिहायला लावलं: "आळण बंद केलं." तिथल्या कोणालाही ते समजलं नाही.

नागपूरला पुन्हा तपासण्या झाल्या. लिव्हरमधली चरबी उतरली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आत्यांनी परत नकार दिला, आणि काकांनी सगळ्या वॉर्डासमोर त्यांना सुनावलं, "मी सहा महिने भात सोडला. तुले एक तुकडा घेता येत नाही?" ऑपरेशन झालं. दोघं जगली. दिलेला तुकडा आत्यांच्या पोटात वाढतो आणि राहिलेला काकांच्या पोटात वाढतो, काही महिन्यांत दोन्ही पूर्ण होतात, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा काका खूश झाले. दोन्हीकडे माल पूर्ण भरतो असा व्यवहार त्यांनी नोकरीत एकदाही पाहिला नव्हता. घरी आल्यावर डॉक्टरांच्या परवानगीनं त्यांनी भात सुरू केला. एक वेळ, थोडा, आणि रोज सायकल. वर्षभर असं छान चाललं होतं.

आणि मग तो टिप्पर. मागची नंबरप्लेट चिखलानं माखलेली होती, असं पाहणारा एक जण म्हणाला. दुसऱ्या एका शेजाऱ्यानं जबाबात सांगितलं की मयताला अशक्तपणा होता, त्यांनी अन्न सोडलं होतं. अशा जबाबानं टिप्परवाला सुटतो हे त्याला कळलं का? मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "म्या तं चांगल्यासाठीच सांगतलं." काका रस्त्याच्या कडेनं जात होते. त्यांचा तोल गेला नव्हता. त्यांना धडक दिली गेली. ही तीन वाक्यं मी ठाण्यात जाऊन सांगून आले. तिथल्या माणसानं ऐकून घेतलं आणि मी नात्यातली कोण, असं विचारलं.

पण सगळ्यात वाईट ते नव्हतं. तेरवीला त्याच चुलत वहिनी आत्यांच्या शेजारी बसून, डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "भावाची कलेजी खाऊन जगली वो बाई तू." भोवतीच्या बायकांनी सुस्कारे सोडले. ग्रंथालयात लोकांना गप्प करायला मी फक्त मान वर करते. तिथे मी उभी राहिले आणि ओरडले. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं की त्यांना रेतीच्या टिप्परनं मारलं, भातानं नाही, बहिणीनं नाही, आणि ज्यांना टिप्परचं नाव घ्यायची हिंमत नाही त्यांनी या बाईवर आळ घेऊ नये. वहिनी म्हणाल्या, "किरायेदारीन होय, तिले कायचं एवढं?"

त्यानंतर काही दिवसांनी मी खाली गेले तर आत्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या भरलेल्या होत्या. दुसऱ्याचं लिव्हर शरीरानं नाकारू नये म्हणून या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. त्यांनी तेरवीपासून एकही घेतली नव्हती.

"आत्या, हे काय?"

"माह्यापायी गेला तो. आता कायले पाहिजे?"

"ते तुमचं नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढलेलाच होता, तो त्या दिवसांत खाली आलाच नव्हता. "तुमच्या पोटात आहे ते काकांचं आहे. सहा महिने उपाशी राहून, लोकांच्या शिव्या खाऊन त्यांनी ते स्वच्छ केलं. टिप्परनं बाकीचं नेलं. एवढं एक उरलं आहे, तेही तुम्ही मारणार? कोणाला विचारून?"

आत्यांनी गोळ्यांची पट्टी जवळ ओढली. म्हणाल्या, "पानी द्या. अन् ओरडू नका, गल्ली आयकून राहिली."

"ऐकू दे."

त्याच संध्याकाळी मी त्यांना नागपूरला नेलं. उशीर झाला नव्हता.

टिप्पर अजून सापडलेला नाही. गल्लीत अजूनही भातच सांगतात. आत्या सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर गोळ्या घेतात, आणि काकांचं लिव्हर व्यवस्थित काम करत आहे.